दुपारचं कन्नड, संध्याकाळचं मराठी

सीमेवरच्या आमच्या राजेश्वर गावात एकच मालिका दोनदा लागते. दुपारी कन्नडात आणि संध्याकाळी मराठीत. माणसं वेगळी, घरं वेगळी, साड्या वेगळ्या, पण गोष्ट तीच. मूळ कन्नडातली; मराठीवाल्यांनी ती उचलून आणली आणि ती मागून चालली आहे, चांगली काही महिने मागं. कन्नडात जिचं बाळंतपण झालं, ती मराठीत अजून कॉलेजात जाते. पुण्याच्या लोकांना याचा पत्ता नसतो. आम्हाला दोन्ही भाषा येतात, त्यामुळं आमच्याकडं दुपारी भविष्य दिसतं आणि संध्याकाळी वर्तमान.

मी दोन्ही बघते. जेवणं आटोपली, भांडी पालथी घातली, की पंख्याखाली चटई टाकून कन्नड बघत पडायचं. अर्धं बघते, अर्धं झोपेत ऐकते. झोपेत कन्नड बोलणारी बाई मराठी बोलू लागते, मध्येच माझी आई येऊन तिच्या पंगतीला बसते, आणि आई जाऊन किती वर्षं झाली हे तेव्हा आठवतही नाही. जाग येते तेव्हा जाहिरात लागलेली असते आणि अंगणातलं ऊन भिंतीवर चढलेलं असतं. संध्याकाळी मराठीत तेच लोक हसतखेळत असतात, आणि यातला कोण कधी जाणार हे मला ठाऊक असतं. मराठीतल्या साखरपुड्याला मी ढसाढसा रडले होते, कारण तो पोरगा कन्नडात अपघातात गेला होता.

"चांगलं लगीन ठरायलंय अन् तू कामून रडायलीस?" अक्कानं विचारलं.

डोळ्यात तिखट गेलं म्हणून सांगितलं.

अक्का म्हणजे माझी थोरली नणंद. लग्न होऊन ती आळंदकडं, खजुरीच्या बाजूला गेली; सासर कन्नड बोलणारं. नवरा लवकर गेला तेव्हा कडेवर मुलगा घेऊन भावाकडं, म्हणजे या घरात, आली ती आलीच. मी उदगीरकडची. नवी नवरी होऊन आले तेव्हा उंबऱ्यावर माप तिनंच ठेवलं आणि चार कन्नड शब्दही तिनंच शिकवले. तालुक्याला, म्हणजे आमच्या इकडच्या कल्याणला (मुंबईकडच्या नव्हे), गेलो की दुकानात, बँकेत तीच बोलायची, मी मागं पिशवी धरून उभी. पण मालिका बघायची ती मराठीच. एकदा मी कारण विचारलं.

"कन्नडात लई ऐकून घेतलंय सासरी," ती म्हणाली. "रडायला आपली मराठीच बरी."

तिचा एक कडक नियम होता: दुपारचं संध्याकाळी आणायचं नाही. कन्नडात पुढं काय झालं ते तिच्यासमोर कुणी बोलायचं नाही. शेजारची बाई रोज आम्हाला ताक आणून द्यायची. एकदा ती आली तेव्हा मराठीत नायिकेची सासू पोळ्या लाटत होती. बघता बघता शेजारीण बोलून गेली, "बिचारी. मरायच्या आदल्या दिशीबी पोळ्याच लाटायली होती." अक्काचा चेहरा उतरला. त्यानंतर ती सासू पडद्यावर आली की अक्का घरातल्या आजारी माणसाकडं बघावं तशी तिच्याकडं बघायची. शेजारणीचं ताक बंद झालं.

एरवी आमचं आवडीनिवडीत कधी जमलं नाही. तेलुगूतून आणलेले मारामारीचे सिनेमे अक्काला फार प्रिय. नायकानं एक लगावली की माणसं उडून पत्र्यावर पडायची, आणि अक्का सुपात तूर पाखडता पाखडता खुशीत मान हलवायची. मला त्यांचा वीट आहे. ज्याला कधी काही लागतच नाही, त्याच्यासाठी आपण जीव टांगणीला का लावायचा? मला वेगळंच काहीतरी आवडतं. मागं मी मोबाइलवर एक मराठी सिनेमा बघितला. त्यात एक बाई फ्लॅटच्या खिडकीत बसते, चहा गार होतो, समोरच्या इमारतीवरचं ऊन उतरतं, संध्याकाळ होते. बस्स. दोन दिवस मी त्याच तंद्रीत होते, वरण करपलं तरी कळलं नाही. अक्कानं तो थोडासाच बघितला.

"हिला कामधंदा न्हाई का गं काही?"

एका बाबतीत मात्र दोघींची तक्रार एकच. सिनेमात आमच्यासारखं बोलणारा माणूस आला की समजायचं, हा आता धडपडणार. तो एक तर गडी असतो, नाहीतर ढेरपोट्या हवालदार. 'जायलाय, करायलाय' म्हणणाऱ्याला प्रेम होत नाही, त्याच्या घरात कुणी मरत नाही, असं या लोकांना वाटतं की काय? मला याचा मनापासून राग आहे. मी चिडून टीव्ही बंद करायची, आणि अक्का म्हणायची, "आपण बोललं की त्यायला हसू येतंय. येऊ दे की." आणि परत लावायला सांगायची.

वेब सिरीज नावाच्या प्रकारात तर सगळे अंधारात कुजबुजतात. पडदा इतका काळा होतो की टीव्हीच्या काचेत आम्हीच दिसायचो: मी चटईवर, आणि मागं लाकडी पेटीवर सूप घेऊन अक्का. खून कुणी केला ते मला कधी कळलं नाही. पण त्या काचेतल्या आम्ही दोघी मला फार आवडायच्या. कुठल्यातरी जुन्या, आवाज नसलेल्या सिनेमातल्या वाटायच्या, आणि त्या सिनेमात काहीही घडू नये असं वाटायचं.

येळवसेला, म्हणजे वेळ अमावास्येला, आमच्याकडं सगळं घर शेतात जेवायला जातं. या वेळी अक्काचा मुलगा पुण्याहून आला होता. भज्जी-भाकरी झाली, आंबील झाली, आणि कडब्याच्या खोपीसमोर त्यानं विषय काढला. फ्लॅट घेतलाय, आता आईनं तिकडं यावं. मुलगा गुणी आहे, त्याचं काही चुकीचं नव्हतं. अक्का भाकरीचा तुकडा मोडत राहिली. "बघू की," म्हणाली, आणि माझ्याकडं बघितलं. मी आंबिलीचं मडकं झाकायला उठले.

त्याच आठवड्यात कन्नडातली आत्या घर सोडून गेली. ही नायिकेच्या वडिलांची बहीण, भावाच्या घरात राहणारी, थोडी फटकळ. मराठीतली हीच आत्या अक्काची सगळ्यांत लाडकी, आणि का लाडकी ते सांगायला नको. कन्नडात तिचा मुलगा तिला बेंगळुरूला न्यायला आला. दारात उभी राहून ती म्हणाली, "होगि बर्तीनि." जाऊन येते. मग लिहिणाऱ्यांना तिचा विसरच पडला. पुढच्या आठवड्यात ती आली नाही, बारशालाही आली नाही, आणि आत्याला फोन तरी करा, असं कुणी म्हणालं नाही. तिच्या खोलीत नायिकेचा मोठा आरसा आला. नटीला दुसरं काम मिळालं असेल, एवढं मलाही कळतं. पण भरल्या घरातून एक माणूस जातं आणि त्याचं नावही निघत नाही, हे मला बघवेना. रोज दुपारी मी तिची वाट बघत झोपी जायची. झोपेत ती दारात यायची ती अक्काची हिरवी साडी नेसून, आणि मी तिला आत बोलवायच्या आत जाहिरात लागायची.

तुरीची रास घरी आल्यावर अक्का निघाली. आदल्या दिवशी तिनं मला विचारलं, "जाऊ का गं?" माझ्या ओठावर आलं होतं, नका जाऊ. पण आई आणि मुलगा यांच्यामध्ये मी कोण? "तुमच्या मनावर हाय, अक्का," म्हणाले. सकाळी हायवेला बस थांबली. "येते," म्हणाली आणि पायरी चढली. घरी येऊन मी पेटीवरचं सूप उचललं आणि परत तिथंच ठेवलं.

तेव्हापासून संध्याकाळी मालिकेच्या वेळेला तिचा फोन येतो. बोलायचं फारसं नसतं. फोन चालू ठेवून ती तिकडं बघते, मी इकडं. तिचा टीव्ही आमच्यापेक्षा किंचित मागं चालतो, त्यामुळं प्रत्येक वाक्य मला दोनदा ऐकू येतं, एकदा आमच्या खोलीत आणि एकदा पुण्यात. डोळे मिटले तर ती मागं पेटीवरच बसली आहे असं वाटतं. पडदा काळा झाला की मात्र मी काचेकडं बघत नाही.

परवा मराठीतली आत्या पिशवी भरू लागली. मला माहीत होतं हे येणार. काहीतरी निमित्त काढून अक्काला टीव्ही बंद करायला लावावं असं वाटलं, पण निमित्त सुचेना. आत्या आमच्या खोलीत "येते हं" म्हणाली. मग पुण्यात म्हणाली. तिचं दार लागल्याचा आवाज दोनदा आला.

अक्का म्हणाली, "इतकी मानसं हायत. राहा म्हनणारं कुणीच न्हाई का गं त्या घरात?"

मला अक्का इथं हवी होती. जायच्या आधीही हवी होती आणि आताही हवी होती, दुसरं काही नाही.

"तू दुपारचं बघितलेलं असशील," अक्का म्हणाली. तिचा नियम तिनंच मोडला, पहिल्यांदाच. "पुढं काय होतंय, सांग."

पुढं आरसा येतो. पुढं तिचं नावही निघत नाही. फोनवर पुण्यातली जाहिरात ऐकू येत होती, कुठल्यातरी साबणाची.

"भावजय जाती की तिला आणायला," मी म्हणाले.

"कन्नडात?"

"व्हय."

"लई दिवसांनी जाती?"

"न्हाई, अक्का. उद्या सकाळच्या बसनंच निघती."

साबणाची जाहिरात संपली, दुसरी लागली. अक्कानं नाक ओढल्याचं ऐकू आलं. मग अगदी हळू आवाजात, शेजारच्या खोलीत ऐकू जाऊ नये तशी, ती म्हणाली, "तिला म्हनावं, आत्यानं आपली पिशवी अजून उघडलीबी न्हाई."