वीट दिसली पाहिजे

आमच्या रत्नागिरीच्या सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ माळावर, कुदळ मारली की चिरा निघतो. तांबडा, भोकाभोकांचा जांभा दगड. खाणीतून काढायचा, तासायचा, भिंतीत बसवायचा. अख्खा तालुका त्याच्यात राहतो. तेव्हा माणूस जरा वर सरकला की त्याला पहिली शिसारी येते ती चिऱ्याची, हे ओघानंच आलं. आमच्या बाबांना ती मुंबईत तीस वर्षं नोकरी करून आली.

ऐंशी साल उलटून गेलं होतं. जुन्या घराच्या पश्चिमेच्या भिंतीला आषाढात ओल धरायची आणि आईला दमा. डॉक्टरांनी औषधं बदलून पाहिली आणि शेवटी सरळ सांगितलं, "बाईंना जगवायचं असेल तर ती भिंत सोडा." म्हणून नवं घर. आईला श्वास घेता यावा म्हणून ते बांधायचं होतं. ही गोष्ट बाबा सोडून सगळ्यांच्या लक्षात होती.

बाबा रजा काढून आले, अंगणात खुर्ची टाकून बसले आणि जाहीर केलं, "घर विटेचं. चिरा कच्चा. वीट भाजलेली असते, पक्की."

"बाबा, चिरा म्हणजे दगड. दगड कच्चा कसा असेल?"

"मग चिऱ्याविरुद्ध कागद कोणी छापला गो? तूच ना?"

इथे मी माझ्याच कागदात सापडले. गावच्या गायरानात चिरेखाणी पडत होत्या, म्हणून आम्ही चार पोरापोरींनी पत्रक काढलं होतं. मजकूर माझा. 'सडा पोखरणाऱ्यांनो, गुरं तुमच्या खड्ड्यात चरणार काय?' एस.टी. स्टँडवर उभं राहून मी ते वाटलं होतं. लोकांनी त्यात शेंगदाणे बांधले. बाबांनी मात्र एक प्रत नीट घडी करून खिशात जपली होती. ती त्यांनी आता बाहेर काढली.

"पुढारीणबाईंच्या हुकमावरून, वीट!"

इथवरही ठीक होतं. विटेशी माझं काही वैर नाही. पण बाबांचं पुढचं फर्मान असं की बाहेरून गिलावा करायचा नाही. शेजारचे काका ओट्यावर टेकले होते, ते म्हणाले, "गिलावा नाय केलास तर झड थेट आत येईल रे."

बाबांनी त्यांच्याकडे अडाण्याकडे बघावं तसं बघितलं. "आणि गिलावा केला तर आत वीट आहे की चिरा, हे लोकांना कळणार कसं?"

काका उठून गेले. त्यात रस्ता आमच्या पश्चिमेला, म्हणजे दर्शनी भिंत तीच आणि समुद्रावरून येणारा पाऊस झेलायची भिंतही तीच. येणारेजाणारे आणि पाऊस, दोघांना बाबा एकदमच वीट दाखवणार होते.

आई, बाबा आणि मी शहराबाहेरच्या विटांच्या वखारीत गेलो. विटा घाटावरून ट्रकनं येत. मालकानं एक केशरी, गुळगुळीत, सरळ काठाची वीट बाबांच्या हातात दिली. "बघा साहेब. नवरीसारखी आहे."

"नवरीनं रत्नागिरीचा पाऊस बघितलाय का?" मी विचारलं.

"ताई, वीट ती वीट."

"पाणी किती पिते?"

"पाजाल तेवढं!" असं म्हणून तो हसला. विनोद केला असं त्याला वाटलं. त्या दिवसभरात त्याच्या तोंडून निघालेलं तेवढंच खरं.

आईनं ती केशरी वीट घेतली, कुंपणाजवळच्या ढिगातून एक काळपट, जराशी वाकलेली उचलली, आणि बादलीभर पाणी मागितलं. दोन्ही पाण्यात सोडल्या. काळीनं चार बुडबुडे सोडले आणि गप्प झाली. केशरी सूं सूं करत पाणी पीत राहिली. आई बादलीवर वाकून ऐकत होती.

"ऐकलात? माझ्या छातीसारखी वाजतेय."

बाबा घड्याळ बघू लागले.

"मला त्या काळ्या हव्यात," आई म्हणाली.

"काकी, त्या जास्त भाजलेल्या," मालक म्हणाला. "वाकड्या आहेत. लोक पाया भरायला नेतात."

"दर्शनी भिंतीला वाकड्या विटा? लोक हसतील," बाबा म्हणाले.

"हसूदेत. हसायला श्वास लागतो, तो त्यांच्यापाशी आहे."

मी आयुष्यात इतकी पत्रकं लिहिली, पण असं एक वाक्य मला लिहिता आलं नाही.

पश्चिमेची भिंत काळ्या विटांची उभी राहिली. रांगा नागमोडी गेल्या. ते ध्यान बघून बाबांनी स्वतःच गवंड्याला सांगितलं, "लवकर गिलावा मार." तत्त्वाचा विजय तो हाच. पण माणूस इतक्या सहज सुधारत नाही. दाराच्या बाजूला ताटाएवढा चौकोन त्यांनी उघडा ठेवायला लावला, आणि त्यात निवडून आणलेल्या केशरी विटा बसवल्या. येणाऱ्याजाणाऱ्याला कळलं पाहिजे ना! मग समाधानानं मुंबईला गेले.

आषाढ लागला. भिंत आतून कोरडी ठणठणीत, फक्त दाराशी ताटाएवढा ओला चौकोन. हिरवी बुरशी त्याच्यावरच धरली. चार दिवसांत आई खोकायला लागली. मी बाबांना खरमरीत पत्र लिहायला घेतलं, मुद्देसूद, चार पानी. मी दुसऱ्या पानावर असताना पावसानं उघडीप दिली. आई उठली, उरलेलं सिमेंट कालवलं आणि चौकोन लिंपून टाकला. वर हातानंच सारखा केला, तिची बोटं त्याच्यावर उमटली आहेत.

गणपतीला बाबा आले. बॅग हातात तशीच धरून दारापाशी थांबले.

"विटा कुठायत?"

"आत आहेत," आई म्हणाली. "मीपण आतच असते. सगळ्या कोरड्या आहोत. पाय पुसून या."