आवाज वाढवणारं बटण

नामदेवकाकांचा लॅपटॉप कधी बंद नसायचा. पनवेलजवळच्या नावडे गावातल्या त्यांच्या घराच्या पहिल्या मजल्यावर मी भाड्याने राहते, खाली ते आणि विमलकाकी. जिन्यावरून येता-जाता त्यांचं दार उघडंच दिसायचं. आत टीव्हीखालच्या फळीवर लॅपटॉप, त्यावर क्रोशाचा रुमाल आणि रुमालाखालून पंख्याची घरघर. झोपू दे की त्याला जरा, असं मी एकदा म्हटलं, तेव्हा काकांनी पलंगाकडे मान वळवली.

"तो झोपला तं हिला कोन उठवल?"

पलंगावर विमलकाकी होत्या. गावात त्यांना काकी म्हणणारे कमीच. त्या विमलबाई धवलारीन. आगरी लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीला देवांना बोलावणारा धवला गावा लागतो, आणि तो गाणारी बाई म्हणजे धवलारीन. पूर्वी लग्न तीच लावायची. आता भटजी येतात, डीजे येतो, ड्रोन येतो, तरी विमलबाई खाकरल्या की बेंजोवाला आपोआप हात आवरायचा. माइक त्यांना नकोच असायचा. आवाज पोटातून उठायचा आणि मांडवाच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत तसाच पोचायचा. एका नवऱ्यामुलाच्या मामाने घड्याळ दाखवत जरा उरका म्हटलं, तर त्या गाणं न तोडता थांबल्या (हे फक्त त्यांनाच जमायचं) आणि म्हणाल्या, "तुला भूक लागली असल तं जा, जेव. देवांना घाई नाय." मामा खाली बसला तो पाठवणीलाच उठला.

त्यांचा एक नियम होता. मांडव नसताना धवला गायचा नाही. सरावाला नाही, पाहुण्यांना ऐकवायला नाही, कॅमेरा घेऊन आलेल्या लोकांसाठी तर नाहीच. शिकायचं असेल तर मांडवात येऊन मागे बसा आणि माझ्यामागून ओळ ओढा. गावातल्या पोरींना तेवढा वेळ नव्हता.

कुंदन, म्हणजे काकांचा पुतण्या, कळंबोलीला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळतो. त्याने कुणाकुणाच्या लग्नात काकींचे धवले मोबाईलवर घेतले. काकींनी फक्त त्यालाच ते घेऊ दिले (लग्नाच्या व्हिडिओवाल्यालाही त्या कॅमेरा खाली ठेवायला लावायच्या), पण बाजारात जाणार नाहीत, या अटीवर. कुणीतरी बारमध्ये लावेल, कुणीतरी त्यावर नाचेल, आणि ज्या देवांना त्यात बोलावलंय ते तिथे जाऊन उभे राहतील, असं त्यांचं म्हणणं. मग कुंदनने काकांच्या नावाने एक चॅनेल उघडलं आणि सगळे व्हिडिओ खाजगी करून ठेवले. त्या एका खात्यातूनच ते दिसायचे. दुसऱ्या कुणालाही उतरवून घेता यायचे नाहीत. मोबाईल भरला तसा कुंदनने त्यातले काढून टाकले. वर चढवलंय ना, मग ते कुठे जातंय, असं सगळ्यांना वाटत होतं. मलाही वाटलं असतं.

मग काकींना झटका आला. करंदी, म्हणजे बारीक कोलंबी, सोलत बसल्या होत्या, तिथेच कलंडल्या. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. दवाखान्यातून घरी आल्या तेव्हा त्यांच्याकडे एकच आवाज उरला होता, तोही शब्द नव्हता. खांदेश्वरला कैनात नावाची मुलगी वाचा गेलेल्यांना बोलायला शिकवते. तिने काकांना समजावलं की मेंदूत बोलण्याची जागा वेगळी आणि गाण्याची वेगळी. पहिली गेली तरी कधीकधी दुसरी शाबूत असते. काकींना त्यांचंच गाणं रोज ऐकवा, तोंड हलवू दे, सुटलं तर तिथूनच सुटेल.

आता प्रश्न मांडवाचा. काकांनी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या संध्याकाळी त्यांनी लॅपटॉप पाटावर ठेवला, पुढे तांदूळ पसरले, तांब्यावर नारळ ठेवला, दिवा लावला, चार कोपऱ्यांना आंब्याच्या डहाळ्या टेकवल्या. "हा मांडव," ते काकींना म्हणाले, "आता रागवू नको." काकींनी असं काही पाहिलं की मीच दारातून मागे सरले. पण स्क्रीनमधून त्यांचा आवाज निघाला आणि काही वेळाने त्यांचे ओठ हलायला लागले.

पुढे हे रोजचं झालं. पावसाळा सरता सरता ओठांतून हवा यायला लागली, हवेतून सूर. एकदा स्पष्ट 'गनराया' आलं. काका पळत वर आले, चपलाही न घालता, आणि माझ्या दारात उभं राहून त्यांनी तो एक शब्द मला काकींसारखा म्हणून दाखवला. त्यांना तो जमला नाही. तेव्हा आम्ही दोघं हसलो होतो.

ब्राउझर अपडेट करायला मात्र काका कधी तयार झाले नाहीत. त्यालाही कारण होतं. सुरुवातीला एकदा कुंदनने केला, तर वरची पट्टी बदलली, जी दाबली की धवला लागायचा ती चांदणीची खूण गायब झाली, आणि कुंदन गाडीच्या कामाने पुण्याला गेलेला. दोन संध्याकाळी धवला सापडला नाही. काकींनी जेवण तोंडाबाहेर ढकललं. तेव्हापासून कोपऱ्यात अपडेटचं बटण आधी हिरवं, मग केशरी, मग लाल होत गेलं आणि काका त्याच्याकडे बघायचे नाहीत. कुंदन सांगायचा, "काका, त्यात भोकं असतात, ती बुजवायला देतात ते." काका म्हणायचे, चालतंय ते चालू दे.

आणि तरीही एक गोष्ट त्यांनी स्वतःच बसवली. लॅपटॉपचा आवाज बारीक होता, मागच्या रस्त्यावरून तळोज्याचे ट्रेलर जायचे आणि काकींचा उजवा कानही मंद झाला होता. ब्राउझरला जोडायचं एक फुकटचं बटण काकांना सापडलं. आवाज सहापट वाढवतो, असं त्यावर लिहिलेलं. एका टिचकीत ते जोडलं गेलं आणि खरोखर खोली भरून गेली. हे आपण कुणालाही न विचारता केलं, याचा काकांना इतका आनंद झाला की त्यांनी आल्यागेल्याला ते बटण दाखवलं. कुंदननेही शाबासकी दिली. तेव्हा त्या बटणात वाईट काही नव्हतंच. ते ज्याने बनवलं तो कुणीतरी सरळ माणूस असणार.

उन्हाळ्यात एका संध्याकाळी मी काकींना भरवायला खाली बसले होते. दिवा लागलेला, नारळ मांडलेला, आणि बटण मेलेलं. मध्ये एक चौकट आलेली. काकांनी चष्मा वर करून मोठ्याने वाचलं, की या बटणाला आता नवी परवानगी हवी, सगळ्या वेबसाइटवरची तुमची माहिती वाचायची आणि बदलायची. ते थांबले. काकींचा डावा हात पलंगावर आपटायला लागला होता. धवल्याची वेळ झाली की तो असा आपटायचा.

"देतो, देतो परवानगी," काका म्हणाले. स्क्रीनला म्हणाले की काकींना, ठाऊक नाही.

गणपती यायला थोडे दिवस असताना ते घडलं. खूण दाबली, तर काकींच्या चॅनेलवर कुणी परदेशी माणूस कोटटायमध्ये बसून इंटरनेटवरच्या कसल्यातरी नाण्यांबद्दल बोलत होता. चॅनेलचं नाव बदललेलं. काकांना वाटलं, चुकीची खूण दाबली. पुन्हा दाबली. माणूस बोलतच होता, सहापट आवाजात. काकी एकटक त्याच्याकडे बघत होत्या. सकाळी तोही गेला. नियम मोडल्यामुळे हे चॅनेल बंद करण्यात आलं आहे, एवढी एक ओळ राहिली.

कुंदन धावत आला. त्याने अर्धा दिवस त्या लॅपटॉपवर डोकं आपटलं आणि मग काकांसमोर जमिनीवर बसून हळूहळू सांगितलं. बटण बनवणाऱ्याने ते दुसऱ्या कुणाला विकलं. नव्या मालकाने पुढच्या अपडेटमध्ये आत चोर बसवला. ब्राउझरचा अपडेट काकांनी अडवून धरला होता, पण जोडलेली बटणं आपापली अपडेट होत राहतात, त्यांना कुणी दारात विचारत नाही. जेव्हा विचारलं, तेव्हा हो म्हटलं गेलं.

"पन पासवर्ड तं मी कुनाला दिला नाय," काका म्हणाले.

"लागलाच नाय त्याला. तुमी कधी बाहेरच पडला नाय ना खात्यातून. हा मानूस आत आलेला हाय, अशी खूण ब्राउझर ठेवतो. त्यांनी ती उचलली अन् तुमी बनून आत गेले."

"मी बनून."

"हां."

"मंग माज्याच हातानी पुसला ना तिचा आवाज."

 कुंदन नको तिथे बोलू लागला, की बटण बसवताना कोण बनवतंय ते बघावं, नवी परवानगी मागितली तर आधी नाही म्हणावं, काम नसलेली बटणं काढून टाकावी, जपायचं ते एका जागी ठेवू नये, एक प्रत घरात ठेवावी. सगळं खरं होतं. बोलता बोलता त्याच्याच लक्षात आलं की घरातली प्रत आपण मोबाईलमधून काढून टाकली होती, आणि त्याचा चेहरा असा उतरला की काकांनीच त्याला पाणी दिलं.

चॅनेलवाल्या कंपनीला अर्ज केले. मी इंग्रजीत लिहिले. ही एका आजारी बाईची वाचा आहे, असंही लिहिलं. उत्तर लगेच यायचं, आणि लगेच यायचं म्हणजे कुणी वाचलेलं नसायचं. शेवटच्या उत्तरात होतं की निर्णय बदलणार नाही आणि याविषयी पुन्हा लिहू नये. जुन्या मोबाईलचं कार्ड घेऊन कुंदन पनवेलला, पुसलेलं परत काढून देणाऱ्या दुकानात जाऊन आला. त्यातून निघाले ट्रकच्या पावत्यांचे फोटो.

काकांनी काकींना यातलं काही सांगितलं नाही. संध्याकाळी हात आपटायला लागला की ते म्हणायचे, "आज नेट नाय." दुसऱ्या दिवशीही तेच. मी जिन्यात उभी राहून ऐकायचे. आधी हे वाक्य ते विनवणीसारखं म्हणायचे, मग सवयीने, मग हात आपटायच्या आधीच. काही आठवड्यांनी हात आपटायचा थांबला. 'गनराया' गेलं. सूर गेला, हवा गेली. कैनातने दुसऱ्या गाण्यांवर प्रयत्न केले, आरत्या लावल्या. काकी भिंतीकडे बघत राहायच्या. एकदा काका स्वतः गायला बसले. पुरुषाने धवला गायचा नसतो. दोन ओळी झाल्या आणि काकींनी डावा हात उचलून त्यांच्या तोंडावर ठेवला. रागाने नाही. दमून.

या वैशाखात कुंदनच्या बहिणीचं, उन्नतीचं लग्न ठरलं. धवल्याला दूरच्या गावाहून गोजराबाई बोलावली. काकांच्या अंगात पुन्हा जीव आला. खरा मांडव, खरी हळद, खरा धवला. गोजराची चाल वेगळी, पण देव तेच, असं ते मला दिवसातून दहा वेळा सांगत. काकींना नवं लुगडं नेसवलं, अंबाडा घातला. कुंदनने आणि मी त्यांची खुर्ची उचलून पुढच्या रांगेत, अगदी चौरंगासमोर ठेवली. काकांनी बेंजोवाल्याला आधीच जाऊन दम दिला होता.

गोजराबाईंनी खाली वाकून विमलबाईंच्या पायाला हात लावला आणि सुरुवात केली. गळा चांगला होता. माइकवर गायल्या. काका खुर्चीमागे उभे होते, तिथून काकींचा चेहरा त्यांना दिसत नव्हता. पुढे यायला ते धजत नव्हते. मी समोर बसले होते. धवला सुरू झाला, देवांना बोलावणं झालं, हळद लागली, पोरींनी उन्नतीचे गाल माखले. काकींची नजर गोजराबाईंवर होती, मग माइकवर, मग कुठेच नव्हती.

संपल्यावर बेंजो सुटला आणि सगळे नाचायला उठले. त्या गोंगाटात काका माझ्या शेजारी येऊन उकिडवे बसले. कानाशी तोंड आणून त्यांनी विचारलं, "तू समोर व्हतीस. व्हट हलले का गं तिचे?"

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्या मनगटाला धरलं होतं.

"नाही काका."

"एकदाबी?"

"नाही."

त्यांनी मान हलवली. मनगट सोडलं. मग उठून खुर्चीमागे गेले, काकींच्या कपाळाला लागलेली हळद रुमालाने पुसली आणि कुंदनला हाक मारली, की एका बाजूने धर, हिला घरी नेऊया, हिला आवाज सोसवत नाय.