पहिलं गिधाड उतरेपर्यंत

वडलांना आम्ही दादा म्हणायचो. देवाधर्मात त्यांचं फारसं मन नव्हतं, पण एक रीत त्यांनी कधी मोडली नाही. गोठ्यातलं जनावर मेलं की ते गावामागच्या माळावर नेऊन ठेवायचं आणि पहिलं गिधाड उतरेपर्यंत लांब बांधावर बसून राहायचं. गिधाड उतरलं की ढोर सुटलं, असं आमच्या पुसेगावच्या बाजूला जुनी माणसं म्हणत. मग मालकानं घरी यायचं, आंघोळ करायची आणि त्यानंतरच घरातली चूल पेटायची.

मी लहानपणी त्यांच्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन बांधावर जायचे. गिधाडं मला मुळीच आवडत नसत. उघडी मान, मळकट पिसं आणि आपसात कज्जा. गावातल्या भावकीसारखीच. पण दिवस मावळायच्या आत नुसता पांढरा सांगाडा उरायचा आणि माळाला वास येत नसे. वाळलेली हाडं खतासाठी गोळा करून नेणारे यायचे. ज्वारीचा कडबा बैल खायचा, बैलाचं शेण रानात जायचं, रानात परत ज्वारी यायची आणि बैल संपला की तोही कुणाच्या तरी पोटात जायचा. हे सगळं कुणी ठरवून मांडलेलं नव्हतं, म्हणून त्याची कुणाला किंमतही नव्हती.

नव्वदनंतरची चार-पाच वर्षं गेली असतील. आमचा तांबडा बैल म्हातारा झाला होता. त्याचे गुडघे सुजले आणि एक दिवस तो बसला तो उठेचना. रात्रंदिवस कण्हायचा. म्हातारा बैल बाजारात न्यायचा सल्ला देणारे पुष्कळ होते, दादांनी त्यांच्याशी बोलणंच टाकलं. ते ढोराच्या डॉक्टरांना घेऊन आले. डॉक्टर म्हणाले, आता हा उठणार नाही, उगीच औषध कशाला वाया घालवता. दादांनी हात जोडले.

"डाक्टरसायेब, वाचवू नका. पर त्याची तकलीफ तरी कमी करा."

डॉक्टरांनी सुई दिली. त्या काळी ती नवीनच आली होती आणि गुण असा की घटकाभरात कण्हणं थांबलं. दादांनी हातानं चारलेली पेंड तांबड्यानं खाल्ली. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुई दिली. तिसऱ्या दिवशी सकाळी तो शांतपणे गेला. दादा रडले, पण समाधानानं रडले. त्याच दिवशी आम्ही त्याला माळावर नेलं. गिधाडं उतरली, दादांनी आंघोळ केली आणि आईनं चूल पेटवली.

दोन-तीन दिवसांनी शेताकडं जाताना मला माळावरच्या लिंबावर काही गिधाडं दिसली. माना खाली टाकून बसली होती. मी खडा मारला तरी हलली नाहीत. मी दादांना विचारलं तर ते म्हणाले, पोट भरलंय त्यांचं, झोपली असतील.

मग गावोगाव ती सुई झाली. माया काय एकट्या दादांच्याच गोठ्यात होती? गिधाडं दरसाल कमी होत गेली. आमची म्हातारी गाय मेली तेव्हा दादा बांधावर बसले आणि ऊन कलंडलं तरी आभाळ रिकामंच राहिलं. शेवटी आली ती कुत्री. त्यांच्यावर दगड भिरकावून दादा घरी आले, आंघोळ न करता ओट्यावर बसून राहिले. त्या संध्याकाळी चूल पेटवावी की नाही, हे आईला कळेना. आम्ही सकाळच्या भाकरीवर भागवलं.

बाजेची एक दोरी तुटली की सगळी वीण सैल पडते, तसं पुढं झालं. माळावर ढोरं सडू लागली, त्या मांसावर कुत्री पोसली, त्यांची टोळी झाली आणि त्यांना माणसाचा धाक उरला नाही. आधी शेळ्या गेल्या. मग एका दुपारी माझ्या काकाची धाकटी लेक शेतातून येताना त्यातल्या एका कुत्र्यानं तिच्या पोटरीचा लचका तोडला. जखमेला चटणी लावली, मंतरून घेतलं, सगळं केलं. हिंगोलीच्या दवाखान्यात नेईपर्यंत ती पाण्याला भ्यायला लागली होती. दादांची ती फार लाडकी. तिला माती दिली त्या दिवसापासून त्यांनी माळाकडं जाणं सोडलं आणि मेलेलं ढोर खड्ड्यात पुरायला लागले.

पुढं मी हिंगोलीत नोकरीला लागले. तिथं एकदा पेपरात वाचलं की दुखणं थांबवणारी ती सुई घेतलेलं जनावर मेलं आणि गिधाडानं खाल्लं, की गिधाडाची किडनी निकामी होते. मरताना ती मान टाकून बसतात, असंही त्यात होतं. सरकारनं ते औषध ढोरांसाठी बंद केलं. बैल गेला आणि झोपा केला. मी तो पेपर घडी करून चुलीत घातला. गावी नेला असता तर दादांना कुणीतरी वाचून दाखवलाच असता.

पण ज्याची भीती होती ते झालंच. त्या वर्षी दिवाळीला घरी गेले तर दादा ओट्यावर बसले होते. मोकळ्या आभाळाकडं पाहत म्हणाले, "तू शिकलेली हायस, माय. गिधाडं काहून गेली असतील?"

मला तांबडा आठवला, त्यांचे जोडलेले हात आठवले, काकाची पोर आठवली. मी म्हणाले, "रोग आला म्हणे त्यांच्यात. सगळ्या देशातच आला."

दादांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"बरं झालं सांगितलंस," ते म्हणाले. "मला वाटून राहिलं होतं, आपलंच काई चुकलं की काय."

आईनं आतून जेवायला हाक मारली. ते उठले आणि हात धुवायला गेले.