काढ्यासोबतची गोळी

हे मी अजून कुणालाच बोलले न्हाई—नवऱ्यालाबी न्हाई. तुमाला सांगते.

मला दमा हाय. पाळी जवळ आली की चार दिवस नुसती धाप—शिलाई मशीनवर बसलं तरी. चकलांब्याला नांदायला आल्यापासून आत्याबाई, म्हणजे माझी सासू, रोज सकाळी अडुळशाचा काढा करून द्यायच्या. पाला स्वतः तोडून आणायच्या. पोटच्या लेकीलाबी कुणी एवढं करत असंल का? लई केलं त्यांनी माझं.

एक लेक झालती, दुसरं एवढ्यात नको होतं. पण नातवाची वाट बघणाऱ्या बाईला हे सांगायचं कोणत्या तोंडानं? गेवराईच्या डॉक्टरीणबाईंकडून पाळणा लांबवायच्या गोळ्या आणल्या, मशीनच्या खणात दोऱ्यांखाली ठेवल्या. दोन-तीन महिन्यांत—बया, ती पाळीआधीची धाप गेलीच! डॉक्टरीणबाई म्हणल्या, काही बायांचा दमा या गोळ्यांनी हलका होतो, काहींचा उलट वाढतो. दम्याचा तोंडात मारायचा पंप जवळच ठेव. मला मानवली. छाती भरून श्वास घेतला आन् रडूच आलं.

आत्याबाई गावभर सांगत सुटल्या—माझ्या काढ्यानं सून बरी झाली! मी आपली हसून मान हलवायची. गोळी गिळायची तीबी त्याच काढ्याच्या घोटाबरोबर.

शेजारच्या लंकाबाईलाबी दमा. तिनं एकदा विचारलं, "खरंच काढ्यानं गेला का गं?" आत्याबाई समोरच उभ्या. मी म्हणले—हो.

तिनं पंप टाकून दिला. महिन्याभरात कापूस वेचता वेचता तिचा श्वास अडकला, ओठ निळे पडले. जीपमधी तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. वाचली, बाई वाचली! डॉक्टरांनी झापलं—पंप कुणाच्या सांगण्यावरनं सोडला? "माझ्याच मनानं," ती म्हणली. आत्याबाईंचं नाव घेतलं न्हाई, माझंबी न्हाई. मी तिची पिशवी धरून शेजारीच उभी.

लंकाबाई आता पंप सोडत न्हाई. मला बघून अजून हसते. पलीकडच्या अंगणात तिचा आवाज आला की मी मनातल्या मनात हात जोडते. आत्याबाईंनी मात्र लोकांना औषध सांगणं बंद केलं. "माझ्या हातानं बाई मेली असती," म्हणतात, आन् घास तसाच ताटात राहतो.

काढा आता फक्त माझ्यापुरता करतात. आज सकाळीबी पेला हातात दिला. "तुला तरी गुण आला, माय," म्हणल्या.

मी सगळा प्याले.