हातोहात आलेला कप

माझ्या लहानपणी गावजेवणाला आई घरून स्वतःचा पेला न्यायची. आमच्या वस्तीची पंगत शेवटी, वेगळी. वाढणारा हात उंच धरून वरून ओतायचा. पुढं मी शिकले. घरातली पहिली पदवी माझी, हे मी सांगतेच. सिंगापूरला नोकरी लागल्यावर आईला आणलं, तरी बुकित पंजांगच्या हॉकर सेंटरमध्ये (खाण्याच्या टपऱ्यांचा बाजार) ती पिशवीतून पेला काढायचीच. "आंटी, कप फ्री लाह!" कॉफीवाली तिथल्या लकबीत सांगून हसायची. आई ऐकायची नाही.

यंदा ऑफिसच्या कामानं अमेरिकेला निघाले, तर आईलाही घेतलं. काम उरकून रविवारी नॉर्थ कॅरोलायनातलं एक जुनं गाव गाठलं. मोरावियन या ख्रिस्ती पंथाच्या शेतकऱ्यांनी वसवलेलं, जसंच्या तसं जपलेलं. एकच रस्ता, कडेनं घरं, मागं शेतांच्या लांब पट्ट्या.

टेकडीवरच्या दफनभूमीत सगळे दगड जमिनीलगत, एका मापाचे. "श्रीमंत असो वा गरीब, सगळे सारखे," गाव दाखवणाऱ्या बाई म्हणाल्या.

मी मराठीत सांगताच आई म्हणाली, "विचार तिला, शेतात राबणारे कुठं पुरलेत?"

मी विचारलं. "ते गुलाम होते. त्यांना पुढं वेगळी जागा दिली."

"म्हणजे वेस इथंही होतीच की!" आईनं पिशवी काखेत घट्ट धरली.

दुपारी चर्चमध्ये लव्हफीस्ट (सगळ्यांनी एकत्र बसून करायचा फराळ) होतं. पाहुण्यांनाही बसवलं. गोड बन आले, मग कॉफी. कप हातोहात रांगेतून पुढं द्यायचे. सगळ्यांना मिळेपर्यंत कुणी प्यायचं नाही.

मी दिलेला पहिलाच कप आईपाशी अडला. पलीकडे एक गोऱ्या आजी. आईचा एक हात कपावर, दुसरा पिशवीत पेला चाचपतोय. सगळी रांग आमच्याकडे बघायला लागली.

"आई, दे ना पुढं."

"माझ्या हातचं पितील का, ते विचार आधी."

मला विचारवेना. तेवढ्यात आजींनीच दोन्ही हात पुढं केले. "अहो, द्या की! निवतेय माझी कॉफी."

आईनं कप दिला. मग एकामागून एक आणखी सहा दिले, आठवा स्वतःला ठेवला. आजींनी घोट घेतलेला पाहिला, तेव्हाच तिनं तोंडाला लावला.

"पाणचट होती," गाडीत बसल्यावर म्हणाली.

सिंगापूरला परतलो. दुसऱ्या सकाळी आईनं कॉफीवालीचा कप घेतला. माझ्या पदवीला जे जमलं नव्हतं, ते झालं. पेला आता घरी असतो.