बैठकीतला लेथ

बैठकीतलं काचेचं झुंबर उतरवायला इल्वा स्वतःच शिडीवर चढली, तेव्हा शेजारीण खिडकीतून ओरडली, "अगं, डोकं फिरलं का तुझं? ईस्टरच्या आधी पाद्रीबाबा घराला आशीर्वाद द्यायला येतील, त्यांना बसवशील कुठं?"

"हत्यारांच्या पेटीवर!" इल्वा वरूनच खेकसली.

आमच्या या रोमान्या प्रांतात घर कितीही लहान असो, एक चांगली बैठक असतेच, आणि तिच्यात कुणी बसत नाही. सोफ्यावर चादर, कपाटात न वापरलेले पेले, झडपा बंद. इल्वाची बैठक अकरा वर्षांत दोनदाच धड उघडली होती, आई गेली तेव्हा आणि वडील गेले तेव्हा. आता त्याच खोलीत तिने धातू कातायच्या आपल्या जुन्या लेथला जागा केली. सोफा मामेभावाला देऊन टाकला. पेले कुणाला द्यायचे ते सुचेना, म्हणून त्यांच्यात नट-बोल्ट भरून ठेवले.

हे सगळं रागाने चाललं होतं, आणि राग भावावर होता. जेर्मानोचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान चौकात होतं. जानेवारीत गुडघ्यांचं कारण काढून त्याने ते विकलं. तिथं चौतीस वर्षं राबलेल्या बहिणीला विचारायची गरज त्याला वाटली नाही. विकल्यावर सांगितलं, "आता घरी बस इल्वे, शेवया वळ, मजा कर." लेथ भंगारात निघाला होता. तो तिने ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून घरी आणला.

दुकानाची रीत अशी होती. गिऱ्हाईक आलं की जेर्मानो गाडी चालू करायला लावायचा, पेट्रोलच्या टाकीवर तळवा ठेवायचा, डोळे मिटून आवाज ऐकायचा आणि म्हणायचा, "गुरुवारी ने." मग गाडी पडद्यामागे जायची. पडद्यामागे इल्वा. इंजिन उघडायचं, वॉल्व्ह घासायचे, लेथवर बुशा, म्हणजे इंजिनात बसणाऱ्या धातूच्या छोट्या नळ्या, कातायच्या, पुन्हा जुळवायचं, सगळं तिनेच. गुरुवारी जेर्मानो गाडी पुढे ढकलत आणायचा आणि वाइनची बाटली घ्यायचा. गावातल्या बारमध्ये लोक म्हणत, जेर्मानोचे हात सोन्याचे. तो कधी नाही म्हणाला नाही. आणि इल्वाही इतकी वर्षं तोंड शिवून बसली. भावापेक्षा तिला स्वतःचाच जास्त संताप यायचा.

खोलीत उजेड आणायला तिला आठवडा लागला. पडद्यामागे एकच दिवा होता, तोही पाठीशी, त्यामुळे ती चौतीस वर्षं स्वतःच्याच सावलीत वॉल्व्ह घासत आली. आता तिने छताला चार ट्यूबलाइट ठोकल्या, भिंतींना पांढरा रंग दिला. पण पहिल्या दिवशी लेथ चालू केला आणि ती दचकून मागे सरली. लेथचं फिरतं डोकं, ज्याला चक म्हणतात, ते जोरात फिरत असूनही ट्यूबच्या उजेडात जवळजवळ उभं दिसत होतं. ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. डोळ्यांना ते कळत नाही, आणि ठरावीक वेगाला चाक थांबल्याचा भास होतो. दुकानात पडद्यामागचा तो एकच दिवा साधा बल्ब होता, आणि बल्बचा उजेड असा लुकलुकत नाही, म्हणून तिथं हे कधी दिसलं नव्हतं. तिने लगेच लेथवर एक जुना पिवळा बल्ब टांगला, शेजारच्या भिंतीवर त्याचं बटण बसवलं, आणि लेथ चालू असताना तो कधीच विझवायचा नाही हे स्वतःला बजावलं.

मग ती वाट बघत बसली. लोक आले, पण गाड्या न आणता. दारातून डोकावायचे, हसायचे, जायचे. उन्हाळ्यापर्यंत एकही गाडी आली नाही तर म्हाताऱ्या बाईने बैठक नासवली एवढंच गावात उरणार होतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पाचव्या आठवड्यात साखर कारखान्यातून निवृत्त झालेला एर्मेते आपली धूर ओकणारी जुनी लाल गाडी घेऊन आला. म्हणाला, "जेर्मानोला सांग, धूर फार येतो."

"जेर्मानो इथं नसतो."

"हो हो, कळलं," म्हणून त्याने डोळा मारला. "कर वाचवायला घरी दुकान थाटलंय ना? मी नाही बोलणार कुठं."

इल्वाने दात आवळले आणि गाडी आत घेतली.

शनिवारी सकाळी ती त्याच गाडीची दुसरी बुश कातत होती. पहिली बसवून इंजिन परत जुळवलं होतं, ही दुसरी त्याच मापाची जादा करून ठेवत होती. एवढ्यात एर्मेते आला आणि बरोबर जेर्मानोला घेऊन आला. जेर्मानो इस्त्रीच्या शर्टात होता.

"सरक इल्वे, बघू दे," तो म्हणाला. "एर्मेते, चालू कर गाडी."

"लेथ चालू आहे, लांब उभा राहा," इल्वा म्हणाली. पण एर्मेतेने किक मारली होती, सायलेन्सर अजून लावला नव्हता, आणि खोलीत तिचंच तिला ऐकू येईना. जेर्मानोने टाकीवर तळवा ठेवला, डोळे मिटले, मान हलवली. मग त्याला लेथवरची चकचकीत बुश दिसली. ती उचलून एर्मेतेला दाखवावी असं त्याच्या मनात आलं असणार. त्याने भिंतीवरचं बटण दाबलं. बल्ब विझला आणि चक थांबताना दिसावं तसं सावकाश सरकू लागलं. त्याने हात पुढे केला.

इल्वाने खांद्याने अशी धडक दिली की जेर्मानो हत्यारांच्या पेटीवर जाऊन आदळला. तिने लेथ बंद करायची, खाली गुडघ्याजवळची दांडी ओढली. चक खरंच थांबलं. एर्मेतेने गाडी बंद केली.

"मी बंद केला होता!" जेर्मानो पांढराफटक पडून म्हणाला.

"बल्ब बंद केलास, गाढवा!"

एर्मेते कारखान्यात तीस वर्षं लेथवरच होता. तो दांडीकडे बघत राहिला, मग जेर्मानोकडे. "हा तुझ्याच दुकानातला लेथ ना? दांडी खाली असते हे तुला माहीत नाही?"

जेर्मानोच्या शर्टाला ग्रीस लागलं होतं, ते पुसत बसला. शेवटी हळूच म्हणाला, "मी त्याच्यावर कधी कामच केलं नाही. सगळं हीच करायची."

इल्वाला वाटलं होतं, हे ऐकलं की बरं वाटेल. उलट डोकं भडकलं.

"मला काय सांगतोस? मला माहीत आहे! बारमध्ये जाऊन सांग. उभा राहून सांग. चौतीस वर्षं तिथंच बसून ऐकून घेतलंस ना?"

तो उठला, लंगडत बाहेर गेला. तिने खिडकीची झडप ढकलून समोरच्या बारकडे बघितलं. बारच्या दारात तो क्षणभर थांबला. आतून कुणीतरी हाक मारली. त्याने हात हलवला आणि घराची वाट धरली.

"मी सांगू का त्यांना?" एर्मेतेने टोपी चाचपत विचारलं.

"तुझी गाडी कधी मिळणार ते आधी विचार."

"कधी मिळेल?"

"नीट विचार. कुणाला विचारतोयस?"

एर्मेतेने टोपी काढली. "इल्वा, माझी गाडी कधी देशील?"

"गुरुवारी," ती म्हणाली, आणि बल्बचं बटण दाबून तिने लेथ पुन्हा चालू केला.