सासूनी साडी धुई, पण कोणी?

मंडळी, आज तीन शब्दांच्या एका वाक्याने माझी अख्खी दुपार खाल्ली.

मी घरबसल्या एक काम करते. कॉम्प्युटरला आपली अहिराणी समजावी म्हणून प्रत्येक वाक्यात कर्ता कोण, कर्म कोणतं, याच्या खुणा करायच्या. शाळेत ज्याचा कंटाळा यायचा तेच व्याकरण.

आज वाक्य आलं, "सासूनी साडी धुई."

पुस्तकी मराठीत 'सासूने' आणि 'सासूची' हे दोन वेगळे शब्द आहेत. अहिराणीत दोन्हींना 'सासूनी'. मग सासूने साडी धुतली, की कोणीतरी सासूची साडी धुतली? कॉम्प्युटरने सासूलाच कर्ता ठरवून टाकलं होतं. नुसती रचना पाहिली तर त्याचंही चूक नव्हतं.

सासूबाई शेजारीच मिरच्यांचे देठ खुडत बसल्या होत्या. त्यांना वाक्य वाचून दाखवलं.

"येडी शे का? सासू कसाले धुवी?" त्या मान वर न करता म्हणाल्या. "सूननी धुई व्हई."

"पन वाक्यमा सून कोठे शे?"

"आते ते बी सांगनं पडस का?"

मी सासूसमोरची खूण पुसली आणि शेवटचा पर्याय निवडला, 'कर्ता वाक्यात नाही.'

तुमच्या घरच्या बोलण्यात असा न दिसणारा कर्ता कोण आहे? कमेंटमध्ये लिहा. मी तोवर दोरीवरची साडी काढून आणते. सासूबाईंची आहे, सकाळीच धुतली.